मालगाडीचे सर

"काल काय जेवला?"

आमच्या शाळेच्या फाटकाशी सकाळी नमस्काराच्या आधी हा प्रश्न यायचा. विचारणारे आमचे पीटीचे सर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हाने पांढरी पडलेली टोपी, शर्टाच्या बटणांना काळजी वाटावी असं पोट, आणि पायात तो प्रसिद्ध बूट. पांढरा कॅनव्हासचा जोड. त्यातल्या उजव्या बुटाला अंगठ्याच्या जागी ब्लेडने कापलेली चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून अंगठा बाहेर बघायचा. मुलं पाठीमागे त्यांना 'खिडकी सर' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणी तसं चित्र काढलं, तर त्यांनी खडू घेऊन त्यातल्या अंगठ्याला नख काढलं आणि निघून गेले.

'भात-वरण' एवढ्या उत्तरावर सुटका नसे. वरण कशाचं, तुरीचं का लाखोळीचं? भाजी कोणती? आणि शेवटी हमखास, "वाढलं कोणी?" मायने, आजीने, बहिणीने, स्वतःच घेतलं, काय ते सांगावं लागायचं. रांग मोठी असली की मी आतून घड्याळ दाखवायची. प्रार्थनेची वेळ पाळणं माझं काम. मी या शाळेत पर्यवेक्षिका आहे. तासांचं, परीक्षांचं, खडूंच्या खोक्यांचं, सगळ्याचं वेळापत्रक माझ्याकडे असतं आणि ते पाळलं गेलं नाही तर मला जेवण जात नाही.

"मॅडम," ते म्हणायचे, "प्रार्थना त देव ऐकते. तो थांबून राहते. पोट नाही थांबत."

असा माणूस तुमच्याही शाळेत किंवा ऑफिसात असेल. पहिल्या भेटीत आपण त्याला एका रकान्यात टाकतो आणि मग वर्षानुवर्षं तो रकाना खोडत बसतो. मी त्यांना 'पोट सुटलेला पीटी मास्तर' या रकान्यात टाकलं होतं. एक तपासणी अधिकारी आले तेव्हा त्यांनीही तेच केलं. जिना चढून धापा टाकत ते म्हणाले, "आपण शारीरिक शिक्षण शिकवता का?" सरांनी खुर्ची पुढे केली आणि आपुलकीने विचारलं, "साहेब, काल काय जेवला?" साहेबांनी विचार करून सांगितलं की रात्री बैठक लांबली, बिस्किटं खाल्ली. "हाव ना," सर म्हणाले, "जिन्यानं सांगितलंच मले." मुख्याध्यापक घाबरले. साहेब मात्र हसले आणि जाताना डबा मागवून जेवून गेले.

सर मूळचे सौंदडचे. घर रेल्वेलाईनजवळ, शेती धानाची. तरुणपणी कबड्डीत नाव होतं, असं ते स्वतः सांगत नसत. त्यांच्या गुडघ्यावरची खूण सांगायची. लहानपणापासून गाड्या बघत वाढलेला हा माणूस मैदानावरसुद्धा गाड्याच चालवायचा. वेगाने धावणारी मुलं म्हणजे एक्स्प्रेस. ती एका चपळ पोराच्या हवाली करून सर मागे थांबायचे, आणि जी मुलं दमतात, ज्यांचं वजन जास्त आहे किंवा अंगात रक्तच कमी आहे, चप्पल तुटकी आहे, अशांची एक रांग करायचे. तिचं नाव मालगाडी. तिचं इंजिन ते स्वतः. त्या अंगठ्यामुळे त्यांना पळता येत नसे. एका लयीत, थोडं लंगडत, ते चालल्यासारखं धावायचे आणि मागे मालगाडी.

"मालगाडी सायडिंगले थांबते," ते सांगायचे, "पण मागं नाही फिरत. थांबा, पाणी प्या, अन् चला."

पीटीच्या तासाला कोणालाही सूट नसे. ताप असेल तर घरी, नाहीतर मैदानावर. मी एकदा म्हटलं, काही मुलांना खरंच झेपत नाही, त्यांना वाचनालयात बसवू. मी तशी यादीही केली होती. त्यांनी ती आदराने वाचली. "मॅडम, अक्षर लय सुंदर आहे तुमचं," म्हणाले, "पण हेच त माहे डबे आहेत. हे तुम्ही नेले त मी एकटं इंजिन घेऊन कुठं जाऊ?"

आता त्या अंगठ्याविषयी.

सरांना गाऊट होता. रक्तातलं युरिक अॅसिड वाढलं की अंगठ्याचा सांधा टोमॅटोसारखा लाल व्हायचा, चादरीचा स्पर्शही सहन होत नसे. औषध चालू होतं. सरांच्या बायकोने घरात मटण, झिंगे यांवर पहारा बसवला होता. पण सर्वांत मोठा दणका त्यांना बसला तो खाण्याने नाही. एका महाशिवरात्रीला ते नागऱ्याच्या महादेवाला गेले. आदल्या दिवसापासून कडक उपास, पाण्याचा थेंब नाही, त्यात दर्शनाची उन्हातली रांग. दुसऱ्या दिवशी अंगठा असा सुजला की त्यांना खाटेसकट दवाखान्यात न्यायची वेळ आली. डॉक्टरांनी समजावलं, की शरीराचं अन्न-पाणी तोडलं की ते स्वतःलाच खायला लागतं, युरिक बाहेर टाकायचं काम मागे पडतं, आणि रक्तातलं प्रमाण चढतं.

"म्हणजे मी खाल्लं त रागावते, नाही खाल्लं त बी रागावते," सर शाळेत सांगत होते. "हा अंगठा नाही, सासरा आहे."

त्यानंतर बुटाला खिडकी आली.

नंदिनी सातवीत असतानाची गोष्ट. कोहमाऱ्याच्या चौफुलीवर तिच्या वडिलांचा ढाबा. भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची, गणितात हुशार मुलगी. मालगाडीत ती सगळ्यात शेवटी असायची आणि तिला ते आवडायचं, कारण सरांनी तिला 'गार्डाचा डबा' ही पदवी दिली होती. मागे कोणी राहिलं नाही ना, हे बघणं तिचं काम. शेवटी येण्याला असा हुद्दा दिला की मूल शेवटचं राहत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

त्या वर्षी मुलांची वजनं-उंची नोंदवायची होती आणि शाळेचा काटा ऐनवेळी बंद पडला. मुख्याध्यापकांनी जवळच्या राईस मिलमधून धान मोजायचा काटा मागवला. काट्याबरोबर काटेवालाही आला, कारण काटा तो कोणाच्या हाती देत नसे.

आमच्याकडे धान मोजायची एक रीत आहे. पोतं काट्यावर चढलं की काटेवाला आकडा मोठ्याने ओरडतो, लिहिणारा मुनीम तोच आकडा परत ओरडून म्हणतो, मग लिहितो. शेतकरी, हमाल, व्यापारी, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. भांडणाला जागा राहत नाही. चांगली रीत आहे. त्या माणसाने जन्मभर तेच केलं होतं. पहिला मुलगा काट्यावर चढला आणि त्याने सवयीने आकडा ओरडला. आमचे लिपिकही शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी सवयीने तो परत ओरडला. मुलांना मजा वाटली. रांग पुढे सरकू लागली. प्रत्येक आकडा दोनदा, पूर्ण व्हरांड्यात.

नंदिनी चढली. आकडा आला. दुसऱ्यांदा आला. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पोतं भरलं, शिवून टाका." आणि सगळे हसले.

सर मैदानावर चुन्याने रेषा आखत होते. आवाज ऐकून ते आले, चुन्याचे हात तसेच. नंदिनी खाली उतरत होती. ते सरळ काट्यावर चढले. काट्याने कुरकुर केली.

"बोल आता," काटेवाल्याला म्हणाले. "जोरात बोल. धानासारखं."

"एक क्विंटल तीन," काटेवाला चाचरत म्हणाला.

"मुनीमजी, तुम्ही काऊन चूप? म्हणा."

"एक क्विंटल तीन," लिपिक म्हणाले.

व्हरांडा हसून कोसळला. सरही हसले, पोट धरून. मग खाली उतरले, काट्याच्या आकड्यांसमोर आपली रुंद पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "मोठं पोतं मोजून झालं. बाकी आकडे कानात सांगायचे. ओरडायचे नाहीत."

मला वाटलं, प्रसंग मिटला. संध्याकाळी मी तसं म्हटलंसुद्धा. सर टेबलावरचे चुन्याचे डाग पुसत होते. "नाही मिटला, मॅडम. पोट्टी नळावर गेली अन् लय वेळ तोंड धूत राहिली. माहं वजन कमी पडलं."

पुढच्या वर्षी गोंदियाहून वैद्यकीय पथक आलं. शाळकरी मुलांचं वजन, दमसास आणि रक्तातलं युरिक अॅसिड तपासायचं होतं. चांगली, नीट वागणारी माणसं होती. पालकांची संमतीपत्रं मी महिनाभर आधी गोळा केली होती. सूचना होती की रक्त द्यायला सकाळी रिकाम्या पोटी यायचं. रक्त झालं की केळी आणि उपमा, मग थोड्या वेळाने मैदानावर दोन रेषांमध्ये शिट्टीच्या तालावर धावायचं. सगळं वेळेवर चाललं होतं. मी खूश होते.

नंदिनी तिसऱ्या-चौथ्या फेरीत रेषेवरच बसली. चेहरा पांढरा. पथकातल्या बाईंनी तिला सावलीत निजवलं, पाणी दिलं. "उपमा खाल्लास ना?" विचारलं. "हो," ती म्हणाली. सरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण तिथे काही विचारलं नाही.

अहवाल बंद पाकिटातून घरी गेले. चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. हातात अहवाल, ढाब्यावरचं मेनूकार्ड ज्या प्लास्टिकमध्ये असतं, त्यात घातलेला. त्यात लिहिलं होतं की वजन जास्त, दमसास कमी, युरिक अॅसिड वाढलेलं, डॉक्टरांना दाखवावे.

"मॅडम, पोरीचं नाव खेळातून काटा," ते म्हणाले. "तिची दाळ बंद केली मी. अंडे बंद. आता पळणं बंद. माह्या मोठ्या भावाचं असंच या युरिकपासून निघालं होतं. आज तो डायलिसिसवर आहे. हप्त्यातून दोन डाव घेऊन जातो मी त्याले. मले नका शिकवू."

मी काही शिकवणार नव्हते. सर शेजारीच उभे होते. मला वाटलं, आता सूट न देणारा हा माणूस भांडेल. ते फक्त म्हणाले, "डॉक्टरले दाखवलं का?"

"दाखवून राहिलो ना. नंबर लावला आहे."

ते गेल्यावर मी सरांकडे पाहिलं. "बापाचं भ्याव खोटं नाही, मॅडम," ते म्हणाले. "भाऊ पाहून राहिला तो रोज."

नंदिनी पीटीच्या तासाला मैदानाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसू लागली. मालगाडी तिच्यासमोरून जायची तेव्हा सर वेग कमी करायचे. "गार्डाचा डबा रिकामा आहे," एवढंच म्हणायचे, कोणाला उद्देशून नाही. ती वहीत डोकं घालायची.

आणि फाटकाशी प्रश्न चालूच होता. "काल काय जेवली?"

"भात, भाजी."

"कोणती भाजी?"

"बटाट्याची."

दुसऱ्या दिवशी भात, बटाट्याची. तिसऱ्या दिवशीही तेच. मी प्रार्थनेची घंटा हातात घेऊन उभी असायची, म्हणून मला हे ऐकू यायचं, पण मला त्यात काही दिसलं नाही. घरोघरी बटाटे असतातच. मुलांची उत्तरं रोज ऐकणाऱ्या माणसाला मात्र ठाऊक असतं की खरं जेवण असं एकसारखं नसतं. त्यात कधी भाजी खारट होते, कधी भाऊ शेवटची पोळी पळवतो.

त्या दिवशी त्यांनी रांग पुढे जाऊ दिली आणि तिला थांबवलं.

"वाढलं कोणी?"

ती प्रार्थनेच्या रांगेकडे बघू लागली.

"मायनं?"

"कोणीच नाही वाढलं, सर," ती म्हणाली.

सरांनी मला खूण केली. मी घंटा शिपायाच्या हाती दिली. त्या दिवशी प्रार्थना कोणी घेतली, मला आजही माहीत नाही.

आम्ही मोहाखाली बसलो. हळूहळू सगळं निघालं. पथक येणार, परत वजन होणार, हे कळल्यापासून तिने जेवण कमी केलं होतं, आणि तपासणीच्या आधीचे दोन दिवस तर पाणीही मोजून. उपमा मैत्रिणीला दिला. नंतर अहवाल आला, दाळ बंद झाली, तेव्हा तिला वाटलं, आपण बरोबरच करतोय, आणखी कमी खावं. घरी सांगायचं, ढाब्यावर जेवले. ढाब्यावर सांगायचं, घरी जेवले. माय घरी निश्चिंत, बाप ढाब्यावर निश्चिंत.

सरांनी ऐकून घेतलं. मग वाकून, कण्हत, खिडकीवाला बूट काढला आणि मोजा ओढला. तो सांधा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. गाठ आलेला, वाकडा, चकचकीत.

"हा पाहा," ते तिला म्हणाले. "नागऱ्याच्या महादेवासाठी मी उपाशी राहिलो, त हा असा झाला. युरिक चढलं. तेच युरिक, जे तुह्या कागदावर आहे. मी महादेवासाठी राहिलो. तू कोणासाठी राहिली?"

तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे.

"काट्यासाठी," ती म्हणाली.

सरांनी मोजा परत चढवला. मग त्यांनी आपला डबा मागवला. भात, चरोट्याची भाजी, जवसाची चटणी. मध्ये ठेवला. "मी वाढून राहिलो," म्हणाले. "मॅडम पाहून राहिल्या. आता कोणी विचारलं त नाव सांगता येईन."

ती हळूहळू जेवली. अर्धा डबा झाल्यावर म्हणाली, "चटणी तिखट आहे."

"हे खरं उत्तर झालं," सर म्हणाले.

दुपारी ते माझ्याकडे आले. "मॅडम, कोहमाऱ्याले चला. तुमची स्कूटी काढा. माह्या गाडीले किक मारावी लागते, अन् आज अंगठा नाही म्हणून राहिला."

ढाब्यावर जेवणाची गर्दी ओसरली होती. रस्त्याकडेला दोन ट्रक, खाटेवर एक ड्रायव्हर झोपलेला. नंदिनीचे वडील गल्ल्यावर होते. आम्हाला पाहून उठले, खुर्च्या पुसल्या, पण चेहरा आवळलेला.

"सर, खेळाचं बोलायला आले असान त नाही म्हणजे नाही."

"खेळाचं नाही आलो. जेवणाचं आलो. पोरगी इथं जेवते ना रोज?"

"घरी जेवते. इथं कायले? शाळेतून आली का घरीच जाते."

"एक डाव वहिनीले फोन लावा," सर म्हणाले. "फक्त विचारा."

त्यांनी कपाळाला आठी घालून फोन लावला. "अवं, नंदिनी घरी जेवते ना रात्री?" पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा ऐकू येत होता. "माह्याकडं?" ते म्हणाले. "माह्याकडं नाही... नाही ना... मले त म्हणे घरी जेवली..." मग फोन कानाला तसाच धरून ते खाली बसले. मागे तंदूरवर पोळ्या लावणारा माणूस थांबून बघायला लागला.

"एवढ्या लोकायले खाऊ घालतो मी," ते म्हणाले. "रोज."

सर त्यांच्या शेजारी बसले. मग काटा, ओरडलेला आकडा, दोन दिवसांचा उपास, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मुलीला दोष नाही, हसणाऱ्या मुलांना नाही, काटेवाल्याला नाही. जसं घडलं तसं.

"म्हणजे युरिक उपासानं चढलं?" त्यांनी विचारलं. आवाजात आशाही होती आणि चीडही. "मास्तर, तुमच्या अंगठ्यावरून माह्या पोरीचा रिपोर्ट ठरन का?"

"नाही ठरन," सर लगेच म्हणाले. "डॉक्टरच ठरवन. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरले हे सांगा का पोरगी उपाशी होती. कागदावर ते नाही. कागदाले कोणी विचारलंच नाही काल काय जेवली म्हणून."

 आम्ही निघालो तेव्हा त्यांनी थंड पेयाच्या दोन बाटल्या पुढे केल्या. सर म्हणाले, "पाणीच द्या." आणि मग, नको तिथे स्पष्ट बोलायच्या सवयीने, "पोरगी हे किती पेते?" त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. तिचं ते रोजचंच होतं. दुकान आपलंच, मोजणार कोण.

डॉक्टर गोंदियातल्या, वयाने तरुण, बोलायला शांत. त्यांनी उपासाचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे सांगितलंत ते बरं झालं. नीट जेवून-पिऊन काही आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू. दाळ बंद करायची गरज नाही, अंडीही चालतील. गोड पेयं मात्र बंद. आणि खेळणं? खेळणं तर हवंच, हळूहळू वाढवत न्या. मोठ्या काकांचा आजार वेगळा आहे, त्याच्याशी हा कागद जोडू नका, पण मी लक्ष ठेवीन. मधल्या काळात तिच्या जेवणावर कोणी ओरडायचं नाही, आणि वजनावर तर मुळीच नाही.

दुसऱ्या वेळचा रक्तातला आकडा खाली आला. अगदी आदर्श नव्हता, पण काळजीचा नव्हता. तिचे वडील तो कागदही मेनूकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आले. या वेळी माझ्याकडे आलेच नाहीत. सरळ मैदानावर गेले. मी खिडकीतून पाहिलं. सरांनी कागद हाती घेतला, दूर धरून वाचला आणि परत दिला. मग शिट्टी वाजली. मालगाडी निघाली, आणि तिच्या मागे, थोडं अंतर ठेवून, दोन्ही हात हलवत गार्डाचा डबा. बाप कडेला उभा राहून शेवटपर्यंत पाहत होता.

नंदिनी बारीक झाली नाही. ही गोष्ट तशी नाही, आणि सरांनाही ती तशी नको होती. ती जेवू लागली, मैदानावर येऊ लागली, आणि पुढच्या तपासणीत रेषेवर बसली नाही. ढाब्यावर फ्रिजच्या पुढे पाण्याचा मोठा माठ आला. त्याचं श्रेय सरांनी घेतलं नाही. "माठ त्यायचा, पाणी त्यायचं," म्हणाले.

पण काट्याचं त्यांनी सोडलं नाही. पुढच्या वर्षी वजनं घ्यायची वेळ आली तेव्हा ते घरून निळी ताडपत्री घेऊन आले, खळ्यात धान झाकायची. तिला धानाचा वास होता आणि कोपऱ्यात तूस अडकलेलं. ऑफिसच्या कोपऱ्यात ती बांधून त्यांनी आडोसा केला. एका वेळी एकच मूल आत. आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा विचारला तर कानात सांगायचा, नाही विचारला तर सांगायचा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, अशाने वेळ फार जातो. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "जाऊ द्या." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी शर्यत जिंकले होते.

गेल्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण केलं नाही. जेवणाच्या पंगतीत स्वतः वाढत फिरले आणि प्रत्येकाला सांगत राहिले, "उद्या कोणी विचारलं त माहं नाव सांगजा." शाल-नारळ घेतला, सौंदडला गेले, शेतीत रमले. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. फाटकाशी आता मी उभी राहते. मी मुलांचे गणवेश बघते.

परवा पथक पुन्हा आलं. माझ्या यादीत सगळं होतं, काटा, टेबल, केळी, संमतीपत्रं. आडोसाही होता. पण ताडपत्री सरांची, आणि ती त्यांच्याबरोबर गेली होती, हे आदल्या दिवशी लक्षात आलं. फोन केला. आभाळ भरून आलं होतं त्या दिवशी.

"मॅडम, ताडपत्री त धानावर आहे," ते म्हणाले. "उघडं पडलं त सगळं भिजन. उद्या दुपारून पाठवू का?"

दुपारपर्यंत थांबता येणार नव्हतं. मुलं सकाळीच रिकाम्या पोटी येणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्याजवळ उभी राहून, टेबलं उलटी करावीत का, चादरी मागवाव्यात का, याचा विचार करत होते. पाचवीतली एक लहानखुरी मुलगी रांगेत सगळ्यांत पुढे होती आणि काट्याकडे बघत मागे मागे सरकत होती.

तेवढ्यात नंदिनी आली. आता ती दहावीत आहे. तिने काही विचारलं नाही. जुन्या मालगाडीतल्या चार-पाच जणींना हाक मारली. त्या आल्या आणि काट्याभोवती गोल करून, खांद्याला खांदा लावून, काट्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एवढंच. रांगेला फक्त त्यांचे चेहरे दिसत होते. नंदिनीने बाजूला होऊन त्या लहान मुलीला आत घेतलं आणि फट पुन्हा बंद केली.

आत काय आकडा आला, मला माहीत नाही. कोणालाच ऐकू आला नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा नंदिनी वाकून तिला म्हणाली, "काल काय जेवली?"

"भात, वरण, वांग्याची भाजी. भाजीत मीठच नव्हतं."

"वाढलं कोणी?"

"आजीनं. आजीले दिसत नाही ना, तिनं दोनदा वाढलं."

संध्याकाळी सरांचाच फोन आला. पाऊस आला नव्हता, धान वाचलं होतं. "मॅडम, ताडपत्री मोकळी झाली. आता पाठवू का?"

मी सकाळचं सगळं सांगितलं. पलीकडे लांबवर एक गाडी जात होती, हळू, पुष्कळ डब्यांची, तिचा आवाज तेवढा येत राहिला.

"राहू द्या, सर," मी म्हटलं. "आता लागत नाही."